परदेशातला पहिला मुक्काम

"तळ्याकाठी नको," झुल्मा म्हणाली. "रात्रभर डास फोडून काढतील."

एल्बियोनं नकाशावरचं बोट जरासं सरकवलं. मग पेट्रोलपंप. ब्राझीलमधल्या मोठ्या पंपांवर ट्रकवाले मुक्काम करतात. पाणी फुकट, आंघोळीची सोय, पहाटे गरम पाव. यावरही झुल्मानं नाक मुरडलं. या वयात टॉवेल खांद्यावर टाकून ट्रकवाल्यांच्या रांगेत उभं राहायची तिची मुळीच तयारी नव्हती.

घरात हल्ली दुसरा विषयच नव्हता. एल्बियोनं जन्मभर बस चालवली, उरुग्वेच्या या उत्तर टोकापासून राजधानीपर्यंत आणि परत. पण देशाबाहेर त्यानं एक चाकही नेलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर आता कुठे त्यानं जुनी मिनीबस घेतली, बाकं उपटून काढली आणि आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, सगळा संसार बसवला. पडदेसुद्धा स्वतःच शिवले. टाके वाकडेतिकडे होते, पण झुल्मानं एकही उसवला नाही.

परदेशी जायचं कारण एकच, ग्रिसेल. त्यांची एकुलती एक लेक. विल्मार नावाच्या ब्राझीलच्या मुलाशी तिनं लग्न केलं आणि ती तिकडचीच झाली. लग्नाच्या जेवणात एल्बियो फुटबॉलवरून व्याह्यांशी भांडला आणि त्यांना भरल्या ताटावरून उठवलं. नवी नवरी त्यांच्या मागोमाग निघून गेली. माफी मागितल्याशिवाय माझ्या दारात यायचं नाही, असं जाताना तिनं बजावलं. दारात कसला, त्या देशातच पाय ठेवणार नाही, आणि तुझी आईही ठेवणार नाही, असं हा गरजला. त्या दिवशी आपण गप्प का बसलो, याचा झुल्माला अजून स्वतःवरच राग येई.

बोललेला शब्द त्यानं पाळला, मेल्यानं. वर्षांमागून वर्षं गेली. संध्याकाळी सगळी गल्ली रस्त्याकडे तोंड करून खुर्च्या मांडायची, हा भिंतीकडे तोंड करून बसायचा. ग्रिसेलला मुलगी झाली तेव्हा झुल्मानं धीर करून त्याला सांगितलं. "ठाऊक आहे," एवढंच म्हणाला आणि येर्बाचा कडू चहा ओढत राहिला. पोर पावलं टाकायला लागली, त्याच आठवड्यात तो मिनीबस घेऊन आला.

"इतका खटाटोप कशाला, म्हाताऱ्या?" झुल्मानं विचारलं होतं. "सरळ जाऊ आणि दार वाजवू."

"आणि तिनं नाही उघडलं तर? सगळ्या गल्लीदेखत मान खाली घालून परत यायचं? त्यापेक्षा घर सोबत नेऊ. लोक म्हणतील, म्हातारा फिरायला गेलाय."

म्हणून त्याला मुक्काम लेकीच्या घरापासून जितका लांब मिळेल तितका हवा होता. चार दिवस त्या देशाची सवय होऊ दे, मग तिच्याकडे जाऊ, असं त्याचं म्हणणं. तळ्याकाठचं मैदान त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिथे विजेची जोडणी मिळते, जमीन सपाट आहे आणि शेजारी कोणी ओळखीचं नाही. झुल्माला कळत होतं, याला डासांची नाही, लेकीची भीती वाटतेय.

पण एका दुपारी ती गाडीपाशी गेली तर आतून त्याचा आवाज आला. छोट्या आरशासमोर उभा राहून तो पोर्तुगीजमध्ये माफी मागत होता. एकदा व्याह्यांची, एकदा जावयाची. जीभ अडखळली की पुन्हा पहिल्यापासून. भर बाजारात कुणाला धक्का लागला तरी ज्याच्या तोंडून कधी शब्द फुटला नाही, तो हा माणूस माफी मागत होता! झुल्मा पदपथावरच उभी राहिली. असा नवरा आपल्याला मिळाला, याचा त्या दिवशी तिला फार अभिमान वाटला. ती पाऊल न वाजवता माघारी फिरली, आणि संध्याकाळी तळ्याला हो म्हणाली.

गल्लीला सगळं कळलंच. शेजारच्या ओतिलियानं घडीचं टेबल आणून दिलं, न्हाव्यानं एल्बियोचे केस फुकट कापले, कोणी दोर दिला, कोणी कंदील. एरवी एल्बियोच्या हट्टाची नक्कल करून पोट धरून हसणारी माणसं, पण या वेळी कोणीही थट्टा केली नाही.

रविवारी सकाळी गाडी निघाली. मंडळी दारादारांत उभी होती. झुल्मानं थर्मास मांडीवर घेतला, डासांच्या अगरबत्त्या पायाशी ठेवल्या आणि छातीवर क्रूसाची खूण केली. एल्बियोनं पहिला गिअर टाकला. तळ्याकडे जायला डावीकडे वळायचं होतं.

तो वळलाच नाही. गाडी तशीच सरळ पुढे गेली, झाडांची एक रांग ओलांडून निळ्या दारासमोर थांबली. दुसरा गिअर पडलाच नव्हता.

"एल्बियो," झुल्मा हळूच म्हणाली, "आणि तळं?"

"डास आहेत तिथे," तो म्हणाला आणि उतरला. त्यानं हात वर केला, पण दार वाजवायच्या आतच ते उघडलं. ग्रिसेल उभी होती, कडेवर पोर.

पाठ केलेलं सगळं पोर्तुगीज एल्बियो विसरला. "चुकलं माझं, पोरी," तो आपल्याच भाषेत म्हणाला.

ग्रिसेलनं त्याच्या खांद्यावरून मागे पाहिलं, रस्त्याच्या मधोमध लावलेल्या त्या झाडांपलीकडे, जिथून उरुग्वे सुरू होतो, तिथल्या त्यांच्या घराकडे.

"बाबा, आधी घराचं फाटक लावून या," ती म्हणाली. "उघडंच टाकून आलात. तोवर मी पाणी ठेवते."