तिरका काप

प्रयोगशाळेत आल्या आल्या बाबांनी डाव्या हाताची बोटं लेकीच्या नाकासमोर नाचवली. "हातच्या कांकणाला आरसा कशाला? हलतोय की नाही? आता दादाला फोन कर आणि किल्ली द्यायला सांग."

हात हलत होता, यात वादच नव्हता. पक्षाघाताचा झटका हलका होता, ताकद गेली नव्हती. पण सकाळी त्याच हातात गरम चहाचा पेला धरून बाबा गप्पा मारत बसले होते आणि तळवा लाल झाला तरी त्यांना पत्ता नव्हता. डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून बोटं तपासली, तेव्हा बाबांनी किलकिल्या डोळ्यांनी सगळी उत्तरं बरोबर दिली होती. फक्त लेकीनं ते पाहिलं होतं.

बाबा सुतार. करवतीचं यंत्र गरागरा फिरत असतं, तेव्हा त्यांचा उजवा हात फळी ढकलतो आणि डावा ती पात्याशी धरून ठेवतो. आजारपणात दादानं त्या खोलीला कुलूप घातलं आणि निर्णय मात्र धाकट्या बहिणीच्या गळ्यात टाकला. 'मेंदूतलं तुला कळतं. तू हो म्हण, मी किल्ली देतो.'

तिला कळत होतं ते उंदराच्या मेंदूतलं. पण हे दादाला कोण सांगणार?

"आधी माझं काम तर बघा," ती म्हणाली आणि बाबांना प्रयोगशाळेच्या आतल्या खोलीत घेऊन गेली. उजेडात काचपट्टीवरचा रंग विटतो, म्हणून तिथं दिवा मालवूनच बसायचं. बाबांना स्टुलावर बसवून तिनं त्यांचा डोळा मायक्रोस्कोपला लावला.

"अगं, हे तर लाकूड आहे."

"उंदराच्या मेंदूचा काप आहे तो. हिरवे धागे दिसतायत?"

"दिसतायत. खालून निघून वर पसरलेत."

"उंदराच्या मिशीला काही लागलं, की निरोप आधी त्या खालच्या गाठीत येतो. तिला थॅलॅमस म्हणतात. तिथून हे धागे तो वरच्या थरात, कॉर्टेक्समध्ये पोचवतात. प्रत्येक मिशीची वर वेगळी खोली. एक केस हलला तरी उंदराला कळतं, कुठला हलला ते. कुठला धागा कुठल्या खोलीत जातो, त्याचा नकाशा करतेय मी."

"आणि कापताना धागे तुटत नाहीत?"

"सरळ कापलं तर तुटतात. म्हणून तिरका काप घ्यायचा."

बाबा भलतेच खूश झाले. "रेषा बघून कापायचं. म्हणजे घराण्याचंच काम चालवतेस की, ठके. मला उगाच वाटायचं, पोरगी उंदरांच्या मागं लागून वाया गेली."

ती हसली. बाबांचा डावा हात स्टुलाच्या कडेला सैल लोंबत होता. बापाची अशी चोरून परीक्षा घ्यायची तिला लाज वाटत होती, तरी तिनं तो हात हळूच आपल्या हातात घेतला. याच हातानं सायकलचं सीट मागून धरलं होतं आणि ती पडली नव्हती. तिनं अंगठा दाबला. मग एकेक बोट. मग बोटांत बोटं गुंतवून घट्ट धरून ठेवलं.

बाबा धागे बघत राहिले. "माझ्याही डोक्यात असेच असतील ना गं?"

"असेच," ती म्हणाली. बाबांचं रक्त अडलं होतं ते नेमकं त्या गाठीतच, हे तिच्या ओठांपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. मोकळ्या हातानं तिनं मायक्रोस्कोपचा उजेड बंद केला. खोलीत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला.

बाबा चाचपडत उठले. "ठके, कुठं आहेस तू? काही दिसत नाही मला. हात दे जरा."

भिंतीवरचं बटण शोधून तिनं दिवा लावला.

बाबांनी खाली पाहिलं.

"कधी धरलास?"

"मघाशीच."

परक्या माणसाच्या हाताकडे बघावं तसे ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. आता हे रागावणार, असं तिला वाटलं.

"उंदराला कळलं असतं," बाबा म्हणाले.

तिनं बोटं सोडवायला घेतली.

"राहू दे. आणि दादाला सांग, किल्लीही राहू दे त्याच्याकडेच."

मग त्यांनी उजवा हात आणून तिच्या हातावर ठेवला.

"केवढा गार पडलाय गं तुझा हात."