नापासराव आणि दोन बिजागऱ्या

“काका, लॅपटॉपचं झाकण कितीदा उघडून बघणार?” दुकानातल्या विक्रेत्याने विचारलं.

“चाळीसदा. तेरा झाले. मध्ये बोलू नका, मोजणी चुकते.”

शिवणयंत्रांच्या कारखान्यात बत्तीस वर्षं तपासनीस म्हणून काढलेल्या माणसाला घाई ठाऊक नसते. तिथे सगळे त्यांना नापासराव म्हणत आणि ते ही पदवी मानाने मिरवत. निवृत्तीनंतर मात्र पंचाईत झाली. नापास करायला घरचीच माणसं उरली. शेजाऱ्यांनी नवं दार बसवलं, तेही हे परगावी गेलेले बघून.

म्हणूनच काल लेक म्हणाली, “बाबा, दोन लॅपटॉप बघून ठेवलेत. कोणता घ्यावा, तुम्हीच सांगा,” तेव्हा त्यांनी ठेवणीतला शर्ट काढला. बँकेतली नोकरी सोडून ती कसल्याशा कंपनीत गेली, तेव्हापासून दोन वर्षं बापलेकीत बोलणं हवापाण्यापुरतंच. कंपनी कसली, हे त्यांनी विचारलं नव्हतं. तिनेही सांगितलं नव्हतं. आज चुकलो तर पुन्हा कुणी विचारणार नाही, हे ते ओळखून होते.

विक्रेता स्वस्त लॅपटॉपवर लट्टू होता. “आठ हजारांनी कमी, काका. स्क्रीन तोच, मेमरी तेवढीच, बॅटरी उलट तासभर जास्त. डोळे झाकून घ्या!”

“झाकतो,” नापासराव म्हणाले आणि खरंच डोळे झाकून, कान लावून उघडझाप करत राहिले. मग महागड्यावर चाळीस.

लेक शेजारी उभी राहून वहीत काहीतरी टिपत होती. चेहऱ्यावर ना हो, ना नाही.

“निम्म्यावर आलं की स्वस्ताची उजवी बिजागरी कुरकुरते. ऐकलंस?”

“मी काही बोलणार नाही, बाबा. तुम्ही सांगा.”

“वर्षभरात मोडेल. महागड्याची हूं की चूं करत नाही. आठ हजार जास्त गेले तर जाऊ देत. स्वस्त नापास!”

विक्रेता हसला. “एवढं बारीक तर बनवणारी कंपनीसुद्धा बघत नाही, काका.”

“कशी बघेल?” नापासरावांची मान ताठ झाली. “तिथे माझ्यासारखं कुणी नसणार.”

लेकीने वही मिटली. दोन्ही लॅपटॉप तिथेच सोडून ती दुकानाच्या पायरीवर आली आणि मागोमाग आलेल्या बाबांच्या देखतच तिने फोन लावला.

“साहेब, परवा मी आपल्या लॅपटॉपच्या पुढच्या खेपेवर सही नाकारली, तेव्हा तुम्ही म्हणालात, तो आवाज आणखी कुणाला ऐकू आला तर दाखव, नाहीतर राजीनामा दे. ऐकू आला. उजवी बिजागरी, निम्म्यावर. आपला माल नापास.”