माणिकबाईंची फुंकणी

उंदराची बिळं. गोवरीचा धूर. काळी फुंकणी. राजापेठच्या प्रत्येक सिग्नलवर बंद पडणारी, माणिकबाईंच्या नवऱ्यामागं उरलेली जुनी कार. “धूर परत इंजिनात फिरवणारा वॉल्व्ह गेला,” मेकॅनिक म्हणाला. “भंगारवाला येऊन राहिला, वयनी,” दीर म्हणाला. “तुमाले चालवता थोडीच येते?” शेतात बिळात धूर सोडला, की तो जिथून निघे ती उंदराची दुसरी वाट माणिकबाईंना दिसायची. त्यांनी मडक्यात गोवरी पेटवली, बंद इंजिनाच्या हवेच्या पाइपला मडक्याचं भोक लावून फुंकणीनं फुंकलं. “इंजिनले ऊद घालून राहिल्या का, मावशी?” मेकॅनिक हसला. धूर वॉल्व्हला जोडलेल्या रबरी नळीच्या चिरेतून निघाला. “वॉल्व्ह चांगला हाये,” त्या म्हणाल्या. “नळी बदल.” नव्या नळीवर गाडी सुरूच राहिली. दीरानं चावीसाठी हात पुढे केला. माणिकबाईंनी त्यावर फुंकणी ठेवली. “मागं बसा, भाऊजी.” लायसन्स त्यांनी उन्हाळ्यातच काढलं होतं.