ढिली टेप

डॉक्टरांनी शिंप्याच्या मांडीवर पॅड ठेवलं, हातात पेन्सिल दिली आणि कागदभर विखुरलेले आकडे दाखवले. "एकपासून पंचवीसपर्यंत, ओळीनं रेघेनं जोडत जायचं. घाई नाही."

घाई शिंप्याच्या बायकोला होती. आज कागद जमला तर उद्या घरी. नाही जमला तर आणखी किती दिवस, ते डॉक्टरही सांगत नव्हते. लिव्हर कित्येक वर्षं कुरकुरत होतं, त्याची तिला सवय झाली होती. पण त्या अशक्त अंगात बुरशी शिरली आणि थेट मेंदूपर्यंत गेली. दमट कापडाला बुरशी धरते हे तिला ठाऊक होतं, माणसाच्या डोक्याला धरते हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं. सहा आठवड्यांच्या औषधानं बुरशी गेली, पाठीतल्या पाण्याचा रिपोर्टही स्वच्छ आला. नवरा मात्र अजून परतला नव्हता. तो तिला 'सिस्टर' म्हणायचा. पाणी दिलं की वर "आभारी आहे" म्हणायचा. चाळीस वर्षांत ज्याच्या तोंडून कौतुकाचा चकार शब्द निघाला नाही, त्याचे ते आभार ऐकून तिला परक्या घरी आल्यासारखं वाटायचं.

शिंप्यानं कागदाकडे पाहिलं. मग डॉक्टरांकडे पाहिलं, चांगलं वरपासून खालपर्यंत. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूला भराभर लिहिलं: ३८, ४०, ३६, १८, २४, १५.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "काका, एकपासून सुरू करायचं होतं," ते हळूच म्हणाले आणि त्यांनी कागद काढून घेतला.

"द्या बघू इकडे," बायको म्हणाली, आणि वाचता वाचता उठलीच. दुकानात रोज ती हेच उतरवून घ्यायची: लांबी, छाती, कंबर, खांदा, बाही, गळा. गिऱ्हाईक दारात उभं असतानाच हा माणूस नजरेनं माप सांगायचा. टेप लावायची ती नुसती खात्री म्हणून.

तिनं पर्समधून टेप काढली. "डॉक्टर, हात खाली सोडा."

"अहो काकू, माझं माप कशाला?"

"सोडा म्हणते ना!"

कोटाची लांबी अडतीस. छाती चाळीस. कंबरेला डॉक्टरांनी पोट आत ओढून पाहिलं, पण असली गिऱ्हाइकं तिनं खूप पाहिली होती. छत्तीस. दारातली नर्स कागद घेऊन एकेक आकडा ताडून बघत होती. मग तिनं खांद्याला टेप लावली आणि आकडा दोनदा वाचला.

"किती?" नर्सनं विचारलं.

"साडेअठरा."

"असू दे काकू," डॉक्टर समजुतीनं म्हणाले. "अर्धा इंच चालायचाच."

"चालायचाच कसा?" पलंगावरून खणखणीत, चिडका आवाज आला. "अर्ध्या इंचानं कोट खांद्यावरून ओघळतो! आणि अठराच आहे तो. अगं, टेप ओढून धर! चाळीस वर्षं कानीकपाळी ओरडतोय, ढिली धरतेस, ढिली धरतेस. ऐकशील तर शपथ!"

बायकोनं टेप ओढून धरली. अठरा. केसभरही इकडेतिकडे नाही.

डॉक्टर खांदे न हलवता वळले. "काका, या कोण?"

"बायको माझी. इतकी ढिली टेप दुसरं कोण धरणार?" शिंप्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "काजं मात्र सुरेख करते."

मग त्यानं कागद मागून घेतला, सुलटा केला आणि "हा काय पोरखेळ" असं पुटपुटत एकपासून पंचवीसपर्यंत सगळे आकडे जोडून टाकले. डॉक्टरांनी ती रेघ बोटानं तपासली आणि नर्सला म्हणाले, "उद्या घरी."

बायकोनं पदरानं डोळे पुसले. "थांबा, बाही राहिली," ती म्हणाली. तिनं डॉक्टरांच्या हाताला टेप लावली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पलंगाकडे पाहिलं आणि मुद्दाम चांगली ढिली सोडली.