फडकं बांधलेला एडका

एडका मेंढीवर झेपावला, तसा केरूनं त्याला शिंगाला धरून मागं ओढला. एडक्याच्या पोटाला जाड फडकं बांधलेलं होतं. माजावर आलेली मेंढी त्यानं नुसती हुंगून दाखवायची. पुढचं काम डॉक्टरांच्या नळीचं, आणि नळीत बीज परदेशी एडक्याचं. धावपळ ह्याची, वंश त्याचा! फलटणच्या वाटेवरच्या सरकारी मेंढी केंद्रात हा खेळ रोज सकाळी चाले. तोंडाशी आलेला घास काढून घेताना केरूला त्या मुक्या जिवाची दया येई.

त्याची बायको हरणाबाई भाकरी घेऊन कुंपणाशी उभी होती.

"आवं, ह्येला कवाच पोरं व्हायची न्हाईत?"

"फडकं सोडलं की व्हत्याल," केरू सहज बोलून गेला आणि मग स्वतःचंच आठवून एडक्याकडे वळला.

गेल्या साली, दोन पोरं असताना, त्यानं शिबिरात जाऊन नसबंदी करून घेतली होती. कुणालाच, बायकोलाही, सांगितलं नाही. धनगराच्या वाड्यावर खच्ची म्हणजे काय ते शेंबड्या पोरालाही कळतं. जन्मभर तेच नाव पडलं असतं. एडक्यानं ढुशी दिली असं खोटंच सांगून तो चार दिवस पडून राहिला. मग पावसाळ्यात गोवर आला आणि दोन्ही पोरं घेऊन गेला. तेव्हापासून हरणाबाई मुलासाठी बिरोबाचे उपास करत होती. अंगावर मूठभर मांस उरलं नव्हतं. "कूस आटली हिची," असं बाया तोंडावर म्हणत. ती ऐकून घेई आणि पुन्हा उपाशी राही. सांगावं तर तिची आशा मरते, न सांगावं तर तीच मरते, अशा कात्रीत केरू अडकला होता.

आजही तिनं त्याच्या एकट्यापुरतीच भाकरी आणली होती. ते बघून त्याला राहवलं नाही.

"हरणे, उपास सोड. तुझ्यात दोष न्हाई. शिबिरात जाऊन म्या नस बांधून घेतलीया. आता देव आला तरी पोर व्हायचं न्हाई."

तो मान खाली घालून उभा राहिला. आता ही तोंडावर थुंकेल, असं त्याला वाटलं.

हरणाबाईनं भाकरी त्याच्या हातावर ठेवली. "ठावं हाय मला. त्या दिशीचं रगताचं नि औषधाचं डाग पडल्यालं धोतर म्याच धुतलं न्हवं का."

"मग हे उपास कशापायी?"

"मी उपास सोडलं, तर लोक तुमास्नी इचारत्याल."