जिजींचं विरजण

तेराव्याचे पाहुणे गेले. कुंदानं दूध कोमट केलं आणि विरजण घ्यायला फडताळ उघडलं. दह्याचं मडकं तिथं धुऊन पालथं घातलेलं होतं.

मग तिला आठवलं. सासूबाई, म्हणजे जिजी, गेल्या त्या सकाळी, घरातलं अन्न टाकायचं असतं म्हणून तिनंच ते दही केळीच्या बुंध्याशी ओतलं होतं.

नवरी होऊन आल्या तेव्हा जिजींनी ते विरजण माहेरहून झाकणाच्या वाटीत आणलं होतं. पुढं घरात बाळंतपणं झाली, वाटण्या झाल्या, जिजींची नव्वदी उलटली, पण त्यात कधी खंड पडला नाही. अंथरुणाला खिळल्यावरही दिवेलागणीला आतून हाक यायची, "कुंदा, विरजण लावलंस का गं?"

"बाजारातलं दही आणू का?" नवऱ्यानं विचारलं. कुंदानं नको म्हणून मान हलवली.

दिवे लागल्यावर शेजारची शालन मागच्या दारी आली. तिच्या पदराखाली वाटी होती.

"त्या दिवशी तुम्ही दही ओतताना कुंपणातून बघितलं मी, वैनी. हे घ्या."

कुंदानं हात मागं घेतला. "तिन्हीसांजेला विरजण देतात का कुणी? जिजींना चाललं नसतं."

"देत कुठाय? लग्न होऊन आले तेव्हा त्यांनीच दिलेलं. त्यांचंच परत आणलंय."

कुंदानं जिजींसारखी करंगळी दुधात बुडवून पाहिली. चमचाभर दही घालून ढवळलं, मडक्यावर झाकण ठेवलं. मग आतल्या रिकाम्या खाटेकडं वळून ती हळूच म्हणाली,

"लावलं, जिजी."