घट्ट काष्टा

हेमांगी नाट्यगृहाच्या पायऱ्या धावतच चढली. हातातल्या पिशवीत सावनीची शिवून घेतलेली नऊवारी होती. लेक सुट्टीला बाबांकडे गेली आणि साडी हेमांगीच्याच कपाटात राहिली. दोन घरांत वाढणाऱ्या पोरीचं काही ना काही एका घरी राहतंच. पण ते आज राहायला नको होतं!

ती विंगेत पोचली तेव्हा लेझीम रंगात आलं होतं. सगळ्यांच्या पुढे सावनी, अंगावर हिरवी इरकल. शिवलेली नव्हे, चापूनचोपून नेसवलेली. पोरगी वाकत होती, गिरक्या घेत होती, पण काष्टा जागचा हलत नव्हता.

शैलेंद्र पडद्याआड उभा होता, ओठांत एक सेफ्टी पिन धरून.

"कुणी नेसवली?"

"मीच," तो पिन काढत म्हणाला. "साडी शेजारच्या आजींची. तुझ्या आईंना व्हिडिओ कॉल लावला. दोनदा सोडायला लावली त्यांनी."

हेमांगी बघतच राहिली. घटस्फोटानंतर आईने या माणसाचं नावही काढलं नव्हतं.

"बोलली तुझ्याशी?"

"आधी कडाडल्या. मग म्हणाल्या, ‘शैलेंद्रराव, लाजता काय? घट्ट ओढा!’"

टाळ्यांचा कडकडाट झाला. शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीच्या आईने विचारलं, "काय सुरेख नेसवलीय हो! तुम्हीच ना?"

"छे, मला कुठे येतं!" हेमांगीने पिशवी पाठीमागे सरकवली आणि मान ताठ केली. "माझ्या आईने शिकवली. सावनीच्या बाबांनी नेसवली."